गुंतागुंतीचे स्ट्रक्चरल व्हेरियंट: कॉलरची व्हीसीएफ फाइल टप्प्याटप्प्याने कशी वाचावी

व्हीसीएफ फाइल (नमुन्याच्या डीएनएत सापडलेल्या बदलांची यादी) उघडायची, फिल्टरच्या रकान्यात 'पास' असलेल्या ओळी काढायच्या, एसव्हीटाइपनुसार (बदलाच्या प्रकारानुसार) मोजायच्या आणि 'दोन इन्व्हर्जन (उलटलेले तुकडे), एक डिलिशन (गळालेला तुकडा)' असे लिहून मोकळे व्हायचे. साध्या डिलिशनपुरते हे चालून जाते. तीन-चार ब्रेकपॉइंट (डीएनए तुटून नव्याने जोडला गेल्याच्या जागा) एकत्र गुंतलेले असले की हीच पद्धत वाचणाऱ्याला हमखास तोंडघशी पाडते.

कॉलर, म्हणजे सिक्वेन्सिंगच्या डेटातून बदल शोधणारा प्रोग्राम, घटना सांगतच नाही. रेफरन्समध्ये (तुलनेसाठी घेतलेल्या प्रमाण जीनोममध्ये) एकमेकांपासून लांब असलेल्या दोन जागा नमुन्यात शेजारी आल्या आहेत, एवढेच तो सांगतो. म्हणजे फाइलमधली ओळ हा एक जोड असतो, आणि 'डिलिशन' किंवा 'इन्व्हर्जन' हे त्या जोडाच्या दिशेवरून चिकटवलेले तात्पुरते नाव. फाटलेली वही कोणी भलत्याच क्रमाने शिवली आणि तुमच्या हाती फक्त 'पान १२ च्या पुढे पान ४०, उलटे' एवढी नोंद आली, तर मधली पाने हरवली की दुसरीकडे शिवली गेली, हे त्या एका नोंदीवरून कळत नाही. जोडांवरून घटना उभी करण्याचे काम वाचणाऱ्याचेच आहे. ते कोणत्या क्रमाने करावे, ते पुढे दिले आहे. मँटा, डेली, ग्रिड्स हे शॉर्ट रीडचे (सिक्वेन्सरने वाचलेल्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांचे) कॉलर आणि स्निफल्स २, क्यूटएसव्ही हे लाँग रीडचे कॉलर डोळ्यांपुढे ठेवून लिहिले आहे, पण क्रम सगळीकडे तोच.

## आधी हाताशी काय हवे

अर्धवट सामग्रीवर बसलात तर चौथ्या टप्प्यावर अडाल आणि पुन्हा मागे यावे लागेल. म्हणून आधी हे जमवा:

- कॉलरने दिलेली मूळ, न गाळलेली व्हीसीएफ. कोणीतरी 'साफ करून' दिलेली नको.
- बॅम किंवा क्रॅम फाइल (रेफरन्सवर बसवलेले रीड), तिच्या इंडेक्ससह. रीड न पाहता गुंतागुंतीच्या घटनेवर मत देऊ नये.
- अलाइनमेंट नेमक्या कोणत्या रेफरन्सवर झाले त्याची खात्री: जीआरसीएच३७, जीआरसीएच३८ की टी२टी-सीएचएम१३. गुणसूत्रांच्या नावाआधी 'सीएचआर' आहे की नाही, डिकॉय अनुक्रम (भलतीकडे बसणारे रीड शोषून घेण्यासाठी जोडलेले) वापरले होते का, हेही.
- स्वतंत्रपणे काढलेली डेप्थ (एका जागेवर पडलेल्या रीडची संख्या) किंवा कॉपी नंबरची रेषा. जोड शोधणाऱ्या कॉलरनेच दिलेला डेप्थचा आकडा पुरेसा नाही. दुसरा साक्षीदार हवा.
- सेगमेंटल डुप्लिकेशन, साधे रिपीट आणि असेंब्लीतल्या रिकाम्या जागा यांच्या बेड फाइल (जागांच्या याद्या).
- नमुन्याची माहिती: सरासरी डेप्थ, रीडची लांबी, फ्रॅगमेंटची लांबी. ट्यूमर असेल तर शुद्धता (नमुन्यातला ट्यूमर पेशींचा वाटा) आणि प्लॉइडी (गुणसूत्रांचे किती संच). आईवडिलांचे नमुने असतील तर उत्तमच.

सावध: जुन्या रेफरन्सवरची एसव्ही (स्ट्रक्चरल व्हेरियंटची) फाइल लिफ्टओव्हर करून, म्हणजे नुसते जागांचे आकडे बदलून, नव्यावर आणू नका. जोडाची दोन टोके वेगवेगळी हलतात. एक टोक जागेवर पोचते, दुसरे गळते किंवा त्याची दिशा पालटते. रीडच पुन्हा अलाइन करा.

## टप्पा १: हेडर वाचा, ओळी नंतर

हेडर सोडून थेट खाली उतरण्याची सवय फार जणांना असते. इथे ती महागात पडते, कारण एकाच नावाच्या रकान्याचा अर्थ कॉलरनुसार बदलतो.

सर्वांत जास्त गल्लत होते ती डीआर आणि डीव्ही यांची. डेलीमध्ये हे आकडे रीडच्या जोड्यांचे असतात, म्हणजे रेफरन्सला आणि व्हेरियंटला पाठिंबा देणाऱ्या पेअर. स्प्लिट रीडसाठी (जोडावर तुटून दोन जागी बसणाऱ्या रीडसाठी) तिथे आरआर आणि आरव्ही असे वेगळे रकाने आहेत. स्निफल्समध्ये मात्र डीआर, डीव्ही म्हणजे सरळ रीडची संख्या. मँटा पीआर आणि एसआर देतो, प्रत्येकात आधी रेफरन्सचा आकडा, मग व्हेरियंटचा. एका तक्त्यात तिन्ही कॉलरचे हे आकडे शेजारी मांडले की तक्ता दिसतो छान, पण निरर्थक असतो.

दुसरी गोष्ट एसव्हीलेनच्या (लांबीच्या आकड्याच्या) चिन्हाची. व्हीसीएफ ४.३ पर्यंत डिलिशनची लांबी उणे लिहिली जाते, ४.४ पासून ती धन आहे. '५० पेक्षा जास्त' अशी गाळणी लावली की जुन्या पद्धतीच्या फाइलमधली सगळी डिलिशन एका झटक्यात गायब होतात आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. निरपेक्ष किंमत घेऊनच गाळा.

तिसरी: इन्व्हर्जन कुठे लिहिले आहे? मँटाच्या नव्या आवृत्त्या इन्व्हर्जनला बीएनडी (ब्रेकएंड, म्हणजे जोडाचे सुटे टोक) म्हणूनच लिहितात; त्यांना इन्व्हर्जनच्या रूपात आणायची वेगळी स्क्रिप्ट सोबत मिळते. ग्रिड्स तर सगळेच बीएनडीमध्ये देतो. त्यामुळे 'फाइलमध्ये आयएनव्ही शून्य' याचा अर्थ 'इन्व्हर्जन नाही' असा होत नाही.

ताळा: फाइलमध्ये कोणकोणते एसव्हीटाइप आहेत आणि प्रत्येकाच्या किती ओळी आहेत ते मोजा. बीएनडीच्या ओळी एकूण संख्येच्या मानाने जास्त असतील तर पुढचा निम्मा वेळ त्यांच्यासाठी राखून ठेवा.

## टप्पा २: गाळणी लावा, पण फेकू नका काही

'पास' म्हणजे खरे आणि बाकीचे खोटे, हा समज आधी काढून टाका. फिल्टर प्रत्येक ओळीला स्वतंत्रपणे लागतो. चार जोडांच्या घटनेतले तीन पास झाले आणि चौथा रिपीटमध्ये पडल्यामुळे नापास झाला, तर फक्त पास ओळींतून घटना कधीच जुळणार नाही. तीनच जोडांची भलतीच गोष्ट मात्र तयार होईल.

मँटाचा मॅक्सडेप्थ हा फिल्टर घ्या. ब्रेकएंडजवळची डेप्थ त्या गुणसूत्राच्या मध्यक डेप्थच्या तिपटीहून जास्त असेल तर तो लागतो. जर्मलाइन नमुन्यात (जन्मजात बदलांच्या तपासणीत) हे योग्यच आहे, कारण अशा ढिगाऱ्यांमध्ये बहुधा रिपीटचा कचरा असतो. पण ट्यूमरमध्ये जिथे जनुकाच्या वीस-तीस प्रती झाल्या आहेत, नेमके तिथलेच जोड हा फिल्टर बाहेर काढू शकतो.

माझी पद्धत अशी: पास ओळी हे बीज धरायचे. प्रत्येक बीजाच्या दोन्ही टोकांभोवती काही हजार बेसचा पट्टा घ्यायचा आणि त्यात नापास झालेल्या ओळीही परत बोलवायच्या. त्यांना वेगळा रंग द्या, पण कागदावर ठेवा.

गाळताना नेहमी होणाऱ्या तीन चुका:

- लांबीची अट लावणे. बीएनडीला एसव्हीलेन नसतो, त्यामुळे अशा अटीत सगळे बीएनडी नकळत बाहेर पडतात.
- गुणसूत्रनिहाय फाइल तोडणे. एक टोक एका फाइलमध्ये, त्याचा जोडीदार दुसरीत, आणि दोघेही अनाथ.
- दोन कॉलरच्या क्वालची (खात्रीच्या गुणांची) तुलना करणे. प्रत्येकाचे मोजमाप वेगळे; मँटाचे ३०० आणि ग्रिड्सचे ३०० यांचा एकमेकांशी संबंध नाही.

## टप्पा ३: बीएनडीची दिशा वाचा

हा टप्पा टाळण्याकडे सगळ्यांचा कल असतो, कारण चौकोनी कंस पाहून डोळे फिरतात. प्रत्यक्षात रूपे चारच आहेत. खाली 'एन' म्हणजे या ओळीवरचा बेस आणि 'प' म्हणजे दुसऱ्या टोकाची जागा.

1. एन[प[ : या बेसपर्यंतचा डावा भाग शाबूत, त्यापुढे 'प'पासून उजवीकडे जाणारा भाग सरळ जोडलेला. 'प' त्याच गुणसूत्रावर पुढे असेल तर डिलिशनसारखा जोड. डेलीच्या सीटीमध्ये (जोडाची दिशा सांगणाऱ्या टॅगमध्ये) हाच '३टू५'.
2. ]प]एन : 'प'पर्यंत डावीकडून येणारा भाग सरळ, आणि त्यापुढे हा बेस. 'प' पुढे असेल तर टँडम डुप्लिकेशनसारखा. डेलीत '५टू३'.
3. एन]प] : या बेसपुढे 'प'पासून डावीकडे जाणारा भाग उलटा होऊन जोडलेला. इन्व्हर्जनची एक बाजू. डेलीत '३टू३'.
4. [प[एन : 'प'पासून उजवीकडे जाणारा भाग उलटा होऊन या बेसच्या आधी जोडलेला. इन्व्हर्जनची दुसरी बाजू. डेलीत '५टू५'.

'सारखा' हा शब्द मुद्दाम वापरला आहे. पहिल्या रूपाचा जोड दिसला म्हणून मधला भाग गेलाच असे नाही. तो कसा फसवतो ते सहाव्या टप्प्यात येईल.

मँटा आणि ग्रिड्समध्ये बीएनडीचा प्रत्येक जोड दोन ओळींत येतो आणि त्या ओळी मेटआयडीने एकमेकींना बांधलेल्या असतात. पहिल्या रूपाच्या ओळीचा जोडीदार दुसऱ्या रूपात दिसतो, कारण त्याच्या दृष्टीने 'प' मागे आहे. तिसऱ्या आणि चौथ्या रूपाचे जोडीदार मात्र आपापल्याच रूपात राहतात. दोन्ही ओळी वेगळ्या मोजल्या की घटनेचे आकारमान कागदोपत्री दुप्पट होते.

कंसाच्या बाहेर एकापेक्षा जास्त बेस दिसले तर घाईने पुढे जाऊ नका. ते जोडाच्या मधोमध घातलेले बेस आहेत. वीस-पंचवीसपेक्षा लांब असतील तर ब्लॅटमध्ये (अनुक्रम जीनोममध्ये कुठे आहे ते शोधणाऱ्या साधनात) टाकून पाहा. पुष्कळदा ते जवळच्याच किंवा दुसऱ्याच गुणसूत्रावरच्या तुकड्याची नक्कल निघते आणि तुमच्या घटनेत एक खंड वाढतो.

ग्रिड्समध्ये कंसाऐवजी नुसता टिंब असलेली ओळही दिसेल. एक टोक सापडले, दुसरे ठरवता आले नाही, असा तिचा अर्थ. दुसरे टोक बहुधा सेंट्रोमिअर, टेलोमिअर, फिरता रिपीट किंवा विषाणूच्या जीनोममध्ये असते. या ओळी टाकू नका. अडलेली घटना कधीकधी त्यांच्यावरच सुटते.

ताळा: प्रत्येक मेटआयडीचा जोडीदार फाइलमध्ये आहे ना? दोन्ही ओळींतल्या जागा एकमेकींकडे बोट दाखवतात ना? डिकॉय किंवा पर्यायी काँटिगकडे जाणारे जोड वेगळे काढले ना?

## टप्पा ४: जोडांचे गुच्छ बांधा

आता एकेकट्या जोडांवरून घटनेकडे. इथे ५० टक्के परस्पर-आच्छादनाचा नियम लावण्याची सवय सोडा. तो नियम एकाच डिलिशनच्या दोन नोंदी जुळवायला ठीक आहे; गुंतलेल्या घटनेतले जोड एकमेकांवर जेमतेम सरकलेले असतात किंवा एकात एक अडकलेले असतात.

गुच्छ बांधताना पुराव्याची उतरंड अशी ठेवा. एकाच लाँग रीडवर दोन जोड दिसले तर ते एकाच रेणूवर आहेत. यापुढे वाद नाही. त्याखाली एकाच फेज ब्लॉकमध्ये, एकाच हॅप्लोटाइपवर (आई किंवा वडिलांकडून आलेल्या एकाच प्रतीवर) असणे. त्याखाली टोके जवळ असणे, म्हणजे जर्मलाइनमध्ये काही हजार बेसच्या आत. ट्यूमरमध्ये नुसते जवळ असणे फारच लंगडे, कारण अस्थिर जीनोममध्ये वेगवेगळ्या काळी झालेले तुटणे शेजारी येते. फाइलमध्ये इव्हेंटचा टॅग असेल तर तो आयता मिळालेला धागा समजा, निकाल समजू नका. जीएटीके-एसव्हीसारखी साधने सीपीएक्स (गुंतागुंतीची घटना) असा वर्ग आणि त्यातले खंडही देतात. तेही पुढच्या टप्प्यातून स्वतः ताडून घ्यायचेच.

सावध: सर्व्हायव्हर किंवा ट्रुवारीने कॉलरच्या फाइल एकत्र करताना 'प्रकार जुळला पाहिजे' ही अट गुंतागुंतीच्या घटनांसाठी काढा. एकाने त्याच जोडाला इन्व्हर्जन म्हटले आणि दुसऱ्याने बीएनडी, तर दोघांची सहमती 'एकाच कॉलरने पाहिले' म्हणून गळते. ट्रुवारीचे मूळ मापदंड ५०० बेसचे अंतर आणि ७० टक्के आकारसाम्य असे आहेत. साध्या घटनांना ते पुरतात; इथे मात्र आकार नव्हे, दोन टोके आणि त्यांची दिशा जुळवा.

## टप्पा ५: तुकडे मांडा आणि डेप्थशी ताडून पाहा

समजावण्यासाठी एक घडवलेले उदाहरण घेऊ. गुणसूत्र ७ वर डेलीने दोन इन्व्हर्जन दिली, दोन्ही पास:

- पहिले: ५,०१,२०० ते ५,१२,३००, सीटी ३टू३
- दुसरे: ५,०४,८०१ ते ५,१४,००१, सीटी ५टू५

वरवर वाचले तर ११,१०० आणि ९,२०० बेसची, एकमेकांवर चढलेली दोन इन्व्हर्जन. आता कागदावर रेघ ओढा आणि चारही जागांवर कापा. पाच तुकडे पडतात: ५,०१,२०० पर्यंतचा क, मग ख (३,६०० बेस), मग ग (५,०४,८०१ ते ५,१२,३००, म्हणजे ७,५०० बेस), मग घ (१,७०० बेस), आणि ५,१४,००१ पासून पुढचा च.

पहिला जोड सांगतो: क संपल्यावर ग-चे उजवे टोक, म्हणजे ग उलटा. दुसरा जोड सांगतो: ग-च्या डाव्या टोकानंतर च सुरू. नमुन्यातला क्रम क, उलटा ग, च. ख आणि घ कुठेच नाहीत. म्हणजे घटना एकच: मध्ये ७,५०० बेसचे इन्व्हर्जन आणि त्याच्या दोन्ही बाजूंना ३,६०० आणि १,७०० बेसची डिलिशन. फाइलमध्ये 'डिलिशन' हा शब्द एकदाही नाही, आणि डिलिशन मात्र दोन. ख-मध्ये एखादा एक्झॉन असेल तर फाइल वरवर वाचणाऱ्याच्या हातून तो निसटलाच.

यातून एक नियम निघतो, तो पाठ असू द्या. ३टू३ जोडाची सुरुवात स१ आणि शेवट श१, ५टू५ जोडाची सुरुवात स२ आणि शेवट श२ धरा.

- स२ हा स१ च्या लगेच पुढचा बेस आणि श२ हा श१ च्या लगेच पुढचा: साधे, स्वच्छ इन्व्हर्जन.
- स२ बराच पुढे: डाव्या बाजूला डिलिशन. स२ हा स१ च्या मागे: डाव्या बाजूला डुप्लिकेशन.
- श२ हा श१ च्या बराच पुढे: उजव्या बाजूला डिलिशन. श२ हा श१ च्या मागे: उजव्या बाजूला डुप्लिकेशन.

डिलिशन-इन्व्हर्जन-डिलिशन, डुप्लिकेशन-इन्व्हर्जन-डुप्लिकेशन आणि यांच्या मिश्र जाती याच चार आकड्यांतून ओळखता येतात. मात्र दोन-चार बेसच्या फरकाला डिलिशन म्हणू नका. जोडावर मायक्रोहोमॉलॉजी (दोन्ही टोकांना सारखेच असलेले काही बेस) असेल तर ब्रेकपॉइंट तेवढ्या बेसमध्ये कुठेही बसवता येतो. होमलेन (त्या सारख्या बेसची लांबी) आणि सीआयपॉस (जागेची अनिश्चितता) पाहा. फरक त्यांच्या आत असेल तर तो शून्य समजा.

आता डेप्थ. घटना हेटरोझायगस (दोनपैकी एकाच प्रतीवर) असेल तर ख आणि घ-ची डेप्थ शेजारच्या निम्मी, म्हणजे लॉग२ प्रमाण उणे १ च्या आसपास; ग-ची डेप्थ पूर्ण. डुप्लिकेशन असते तर दीडपट, लॉग२ सुमारे ०.५८. ख आणि घ-मध्ये हेटरोझायगस एसएनपी (एकेका बेसचे फरक) दिसू नयेत. इतक्या छोट्या तुकड्यात एसएनपी मोजकेच असणार, त्यामुळे त्यांची अनुपस्थिती दुबळा पुरावा. पण एखादा पक्का हेटरोझायगस एसएनपी दिसला तर तुमची मांडणी चुकली आहे.

ट्यूमरमध्ये शुद्धता धरूनच हिशोब करा. ६० टक्के शुद्धता, द्विगुणित जीनोम आणि सर्व ट्यूमर पेशींत एक प्रत गेलेली असेल तर डेप्थ ०.७ पट राहते, लॉग२ जेमतेम उणे ०.५१. 'अर्धी झाली नाही' म्हणून डिलिशन नाकारणे ही इथली ठरलेली चूक. त्याच नमुन्यात जोडाला पाठिंबा देणाऱ्या रीडचा वाटा सुमारे ३० टक्के अपेक्षित. प्रत्यक्षात थोडा कमीच येतो, कारण जोडावरून जाणारे रीड नीट अलाइन होत नाहीत.

ताळा: प्रत्येक तुकड्यापुढे दोन रकाने लिहा, मांडणीनुसार अपेक्षित प्रती आणि डेप्थवरून दिसणाऱ्या प्रती. एका जरी तुकड्यात दोन्ही जुळत नसतील तर नापास ओळींकडे परत जा. कुठलातरी जोड राहिला आहे.

## टप्पा ६: सोंगे ओळखा

काही घटना दुसऱ्याच प्रकारच्या रूपात फाइलमध्ये येतात. तीन तर वारंवार भेटतात.

दूर गेलेली नक्कल. समजा एका भागाची जास्तीची प्रत त्याच गुणसूत्रावर पुढे दुसऱ्या जागी जाऊन बसली. फाइलमध्ये एक मोठे 'डुप्लिकेशन' (मूळ भागाच्या सुरुवातीपासून नव्या जागेपर्यंत) आणि एक मोठे 'डिलिशन' (मूळ भागाच्या शेवटापासून नव्या जागेपर्यंत) असे दोन जोड दिसतात. दोघांचे उजवे टोक जवळजवळ एकच. डेप्थ पाहिली तर डिलिशनच्या पट्ट्यात ती अजिबात उतरलेली नसते आणि वाढ फक्त मूळ भागापुरती असते. मूळ जागीही तो भाग निघून गेल्याचा तिसरा जोड असेल आणि डेप्थ कुठेच बदललेली नसेल, तर ती नक्कल नसून स्थलांतर आहे.

रेट्रोकॉपी. एकाच जनुकात चार-पाच डिलिशन, प्रत्येकाची हद्द नेमकी इंट्रॉनच्या हद्दीवर, आणि इंट्रॉनची डेप्थ शाबूत. हे डिलिशन नव्हेच. त्या जनुकाच्या एमआरएनएवरून बनलेली प्रत जीनोममध्ये दुसरीकडे शिरली आहे. एसएमएडी४ जनुकाची अशी रेट्रोकॉपी काही व्यक्तींत आढळते आणि तिने डिलिशन-डुप्लिकेशन चाचण्यांत घोळ घातल्याची नोंद आहे. शिरकावाची जागा शोधण्यासाठी जनुकाच्या दोन टोकांवरून दुसरीकडे जाणारे बीएनडी पाहा.

एकतर्फी इन्व्हर्जन. फक्त ३टू३ आहे, ५टू५ नाही. तीन शक्यता: दुसरा जोड रिपीटमध्ये हरवला, किंवा तो फोल्डबॅक आहे, म्हणजे दोन्ही टोके जवळजवळ आणि त्या बिंदूवर डेप्थची पायरी, किंवा लायब्ररी करताना तयार झालेला कृत्रिम जोड आहे. टोके काहीशे बेसच्या आत, पाठिंबा दोन-तीन रीडचा, डेप्थ सपाट आणि असे जोड जीनोमभर विखुरलेले दिसत असतील तर तिसरीच शक्यता धरा.

## टप्पा ७: रीड डोळ्यांनी पाहा

आयजीव्हीमध्ये (रीड दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) दोन्ही टोके विभागलेल्या खिडकीत शेजारी लावा, रीड जोडीने दाखवा आणि रंग फ्रॅगमेंटची लांबी व दिशेनुसार द्या. नेहमीची जोडी एलआर, म्हणजे दोन्ही रीड एकमेकांकडे तोंड करून. आरएल दिसल्या तर डुप्लिकेशनसारखा जोड, एलएल किंवा आरआर दिसल्या तर इन्व्हर्जनची एकेक बाजू. मग पुढील गोष्टी पाहा, याच क्रमाने:

1. दोन्ही टोकांवर मॅपिंग क्वालिटी (रीड योग्य जागी बसल्याची खात्री). एका बाजूला सगळे रीड शून्याचे असतील तर ते टोक कुठे आहे हे कॉलरलाही माहीत नाही.
2. सॉफ्ट क्लिप (रीडची न जुळलेली टोके) एकाच बेसवर तुटतात का आणि तुटलेला भाग सगळ्यांत सारखा आहे का.
3. पाठिंबा देणारे रीड वेगवेगळ्या जागी सुरू होतात का. सगळे एकाच बेसपासून सुरू असतील तर डुप्लिकेट काढायचे राहिले आहेत.
4. त्याच बॅचमधल्या, संबंध नसलेल्या दुसऱ्या नमुन्यात तोच जोड दिसतो का. दिसला तर तो रेफरन्सचा किंवा लायब्ररीचा दोष, नाहीतर सर्वसामान्य पॉलिमॉर्फिझम.
5. गुच्छातल्या सर्व जोडांचा रीडमधला वाटा साधारण सारखा आहे का. तीन जोड ४५ टक्क्यांवर आणि एक ८ टक्क्यांवर असेल तर तो चौथा या घटनेतला नसावा.

लाँग रीड असतील तर एकच रीड निवडा आणि एसए टॅग (त्या रीडचे बाकीचे तुकडे कुठे बसले ते सांगणारा) शेवटपर्यंत वाचा. वरच्या उदाहरणात एका चांगल्या रीडचे तीन तुकडे पडायला हवेत: क सरळ, ग उलटा, च सरळ. मात्र हे तुकडे रीडमधल्या क्रमाने लावा, रेफरन्समधल्या जागांच्या क्रमाने नव्हे; टॅगमध्ये ते त्या क्रमाने असतीलच असे नाही.

## टप्पा ८: मोठे नाव शेवटी

ब्रेकपॉइंटची गर्दी दिसली की 'क्रोमोथ्रिप्सिस' (एकाच आघातात गुणसूत्राचे तुकडे होऊन वेडेवाकडे जुळणे) लिहिण्याचा मोह होतो. नुसती गर्दी पुरेशी नाही. कॉपी नंबर दोन पातळ्यांमध्ये वरखाली व्हायला हवा, जोडांच्या चारही दिशा साधारण सारख्या प्रमाणात हव्यात, एकाच हॅप्लोटाइपवर सगळे घडलेले हवे, आणि हेटरोझायगोसिटी आलटून पालटून टिकलेली व गेलेली दिसायला हवी. शॅटरसीक या क्रोमोथ्रिप्सिस शोधणाऱ्या साधनाच्या उच्च विश्वासाच्या निकषांत एकाच गुणसूत्रावरचे किमान ६ गुंतलेले जोड आणि दोन पातळ्यांत हेलकावे खाणारे किमान ७ सलग तुकडे लागतात.

प्रती तीन-चारपर्यंत चढत असतील आणि जोडांवर मायक्रोहोमॉलॉजी व घातलेले तुकडे असतील तर क्रोमोअ‍ॅनासिंथेसिसचा विचार करा. पायऱ्यापायऱ्यांनी वाढत जाणारी डेप्थ आणि पायरीवर फोल्डबॅक दिसले तर ब्रेकेज-फ्यूजन-ब्रिज. डेप्थ फारशी न बदलता अनेक गुणसूत्रे साखळीने जोडलेली असतील तर क्रोमोप्लेक्सी. यातले काहीच पक्के बसत नसेल तर 'गुंतागुंतीची पुनर्रचना, अमुक जोड' एवढेच लिहावे. त्यात कमीपणा काही नाही.

## टप्पा ९: पडताळणी आणि अहवाल

नोमॅड-एसव्हीमध्ये (लोकसंख्येतल्या स्ट्रक्चरल व्हेरियंटच्या साठ्यात) वारंवारता शोधताना पूर्ण घटना आणि तिचे सुटे जोड, दोन्ही शोधा. तिथे सीपीएक्स हा स्वतंत्र वर्ग आहे, पण तुमची घटना तिथे साधे इन्व्हर्जन म्हणूनही नोंदलेली असू शकते.

एसीएमजी आणि क्लिनजेन या अमेरिकी संस्थांची व्हेरियंट रोगकारक आहे का ते ठरवण्याची २०२० ची गुणपद्धत कॉपी नंबरच्या बदलांसाठी आहे. आपल्या उदाहरणात ती ख आणि घ-ला लावता येते, ग-ला नाही. ग-साठी वेगळा प्रश्न विचारा: त्याचे एखादे टोक जनुकाच्या मध्ये पडते का? पडत असेल तर प्रत न गमावताही जनुक मोडू शकते.

पडताळणीची पद्धत प्रश्नावरून निवडा. अ‍ॅरे प्रती मोजतो, उलटा ग त्याला दिसणार नाही. शिवाय १,७०० बेसचा घ बहुतेक अ‍ॅरेच्या प्रोबमधून निसटेल. फिशला (गुणसूत्रावर चमकणारे प्रोब लावण्याच्या चाचणीला) इतका छोटा बदल दिसत नाही. इथे जोडावरचा पीसीआर आणि सँगर सिक्वेन्सिंग हाच सरळ मार्ग. प्रायमर मात्र रेफरन्सकडे पाहून नेहमीसारखे समोरासमोर ठेवू नका. क आणि ग-च्या जोडासाठी दोन्ही प्रायमर रेफरन्समध्ये एकाच दिशेने, डावीकडून उजवीकडे जाणारे हवेत: एक ५,०१,२०० च्या आधी, दुसरा ५,१२,३०० च्या आधी. ग आणि च-च्या जोडासाठी दोन्ही उजवीकडून डावीकडे: एक ५,०४,८०१ च्या नंतर, दुसरा ५,१४,००१ च्या नंतर. सामान्य डीएनएमध्ये असे प्रायमर एकमेकांकडे येतच नाहीत, त्यामुळे तिथे पट्टा उमटता कामा नये. उमटला तर प्रायमर दुसरीकडे चिकटत आहे, ते आधी बदला.

अहवालात रेफरन्सचे नाव, कॉलर आणि त्याची आवृत्ती, प्रत्येक जोडाची दोन टोके व दिशा, तुकड्यांचा नव्याने मांडलेला क्रम, प्रत्येक तुकड्याच्या अपेक्षित आणि दिसलेल्या प्रती, आणि वगळलेले जोड कारणासह लिहा. त्याच जोडांतून दुसरी मांडणीही निघत असेल, आणि शॉर्ट रीडवर मोठ्या गुच्छात ती निघतेच, तर दोन्ही मांडण्या लिहा आणि कोणत्या लांबीचा रीड मिळाला तर त्यांच्यात निवड करता येईल तेही नोंदवा.